आधी चुकीचे प्रोग्रॅम चालवून बघा

मुंबई विद्यापीठाच्या कॉम्प्युटर इंजिनीअरिंगला तिसऱ्या वर्षी ‘सिस्टिम प्रोग्रॅमिंग अँड कम्पायलर कन्स्ट्रक्शन’ हा विषय असतो. मुलं त्याला एसपीसीसी म्हणतात. वसई रोडला विद्यावर्धिनीचं इंजिनीअरिंग कॉलेज १९९४ पासून आहे, पुढे विरार-पालघरकडेही कॉलेजं झाली, त्यामुळे पापडीपासून अर्नाळ्यापर्यंत बऱ्याच घरांत हा विषय एव्हाना पोहोचला आहे. लेक्स आणि याक घेऊन एक छोटा कम्पायलर करायचा, जर्नलमध्ये प्रिंटआउट लावायचे आणि ओरलला तो चालवून दाखवायचा. दाखवायचा प्रोग्रॅमही ठरलेला: दोन-चार व्हेरिएबल, एक बेरीज, एक गुणाकार, फार तर एक लूप. एक्स्टर्नलने सहज म्हणून एक कंस जास्त टाकला की स्क्रीनवर ‘सेगमेंटेशन फॉल्ट’. त्यावर उत्तर तयार असतं: “सर, इनपुटच चुकीचं होतं ना!”

अहो, चुकीचं इनपुट हेच तर कम्पायलरचं रोजचं काम आहे. प्रोग्रॅम लिहिणारा माणूस तो पुरा होईपर्यंत पुन्हा पुन्हा कम्पाइल करतो, मध्येच अर्धवट असताना करतो, कंस राहिलेला असताना करतो. बरोबर झाला की तो पुढच्या कामाला लागतो, आणि पुढचं काम पुन्हा चुकीपासूनच सुरू होतं. तुमच्या टेस्टच्या फोल्डरमध्ये मात्र सगळे बरोबर प्रोग्रॅम. म्हणजे जे काम कम्पायलर सर्वांत जास्त करणार, तेच तपासलेलं नाही.

बारावीला बायफोकल कॉम्प्युटर सायन्स घेतलेली आपली एक अख्खी पिढी टर्बो सी++ च्या निळ्या पडद्यावर शिकली. बोर्लंडचा तो कम्पायलर नव्वदीच्या दशकातला, पण पुढे कित्येक वर्षं डॉसबॉक्समध्ये घालून लॅबमध्ये चालवला गेला. त्याच्या नावाने बोटं मोडायची पद्धत आहे, पण त्याचं एक श्रेय द्यायला हवं: ‘इफ’च्या कंसात दोन बरोबरच्या चिन्हांऐवजी एकच पडलं की तो न सांगता ‘पॉसिबली इनकरेक्ट असाइनमेंट’ म्हणायचा. जीसीसी या कम्पायलरकडून ही सूचना हवी तर ‘वॉल’ नावाचा पर्याय आठवणीने द्यावा लागतो, आणि पहिल्या वर्षाच्या मुलाला तो कोणी सांगितलेला नसतो. उलट ‘स्कॅनएफ’मध्ये अँड चिन्ह विसरलं तर टर्बो मुकाट बसायचा आणि प्रोग्रॅम चालताना भलतीकडेच लिहायचा. महिरपी कंस वर कुठेतरी राहिला तर ‘कम्पाउंड स्टेटमेंट मिसिंग’ अशी एरर फाइलच्या अगदी शेवटच्या ओळीवर यायची. तिथे काहीच चुकलेलं नसायचं. मूल शेवटच्या ओळीकडे बघत बसायचं. वसई स्टेशनवर ‘गाडी उशिराने धावत आहे’ एवढंच ऐकू येतं, किती उशीर आणि कुठे अडकली ते नाही, त्यातलाच प्रकार.

चुका नेमक्या कशा होतात हे आपल्याकडच्या मंडळींनी चांगलं मोजून ठेवलं आहे. पवईच्या आयआयटीत कम्पायलरची परंपरा जुनी. धनंजय ढमढेरे यांचं सिस्टिम प्रोग्रॅमिंगचं पुस्तक तर एसपीसीसीच्या कित्येक बॅचेसनी वापरलं आहे. उदय खेडकर यांनी तिथे जीसीसी रिसोर्स सेंटर उभं केलं आणि जीसीसीच्या आत काय चालतं ते वर्कशॉप घेऊन शिकवलं. याच पवईतून पीएचडी केलेले अमेय करकरे पुढे आयआयटी कानपूरला गेले. तिथल्या पहिल्या वर्षाच्या सी च्या वर्गासाठी ‘प्रुटर’ नावाची व्यवस्था झाली, तिच्यात मुलांचे प्रोग्रॅम कम्पाइल होतात आणि वाटेतल्या चुकांसकट साठतात. आदित्य कानडे यांचीही पीएचडी पवईची. ते बंगळुरूच्या आयआयएससीत असताना त्यांच्या गटाने २०१७ साली ‘डीपफिक्स’ हे काम प्रसिद्ध केलं. ९३ प्रश्नांवर विद्यार्थ्यांनी लिहिलेले, कम्पाइल न होणारे ६९७१ सी प्रोग्रॅम त्यांनी घेतले आणि न्यूरल नेटवर्ककडून दुरुस्त करून पाहिले. १८८१ प्रोग्रॅम, म्हणजे २७ टक्के, पूर्ण सुधारले, आणि आणखी १३३८ अर्धेमुर्धे.

या आकड्यांकडे कम्पायलर लिहिणाऱ्याच्या नजरेने बघा. सी चं व्याकरण कोणी हाताने न शिकवलेलं यंत्र चतुर्थांशाहून जास्त प्रोग्रॅम कम्पाइल होण्याइतके नीट करतं, याचा अर्थ त्या चुका किरकोळ होत्या आणि पुन्हा पुन्हा त्याच होत होत्या. राहिलेला अर्धविराम, न जुळणारा कंस, जाहीर न केलेलं व्हेरिएबल. चुकांचे प्रकार थोडे असतील तर त्यांच्या टेस्टही आवाक्यात आहेत. पुढच्याच वर्षी करकरे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘ट्रेसर’मध्ये एक कळीचा मुद्दा मांडला: नुसतं कम्पाइल झालं म्हणजे सुधारलं असं नाही; त्या मुलाने स्वतः नंतर जी दुरुस्ती केली, तिच्याशी ती जुळायला हवी. यातून आपल्यापुरता एक धडा घ्यायचा. कम्पायलरने चूक परस्पर सुधारून पुढे जाऊ नये. १९७० च्या दशकात कॉर्नेल विद्यापीठाचा पीएल/सी हा कम्पायलर तसं करायचा. चुका दुरुस्त करून प्रोग्रॅम चालवूनही दाखवायचा. पंचकार्डांचा गठ्ठा देऊन निकालाची वाट बघण्याच्या काळात ते योग्य होतं. आज सेकंदात निकाल येतो. सुचवा, पण स्वतः बदलू नका.

आता प्रत्यक्ष कामाला लागू. चूक नीट हाताळली, असं केव्हा म्हणायचं? कम्पायलर कोसळता कामा नये आणि अडकून बसता कामा नये, ही झाली किमान अट. पहिली एरर योग्य ओळीवर यावी. एका चुकीमागे चाळीस एरर येऊ नयेत. एररचा निरोप प्रोग्रॅम लिहिणाऱ्याच्या भाषेत असावा, तुमच्या पार्सरच्या नाही. आणि चुकीचा प्रोग्रॅम बरोबर म्हणून पास होऊ नये. हा शेवटचा प्रकार सर्वांत घातक, कारण तो दिसत नाही.

याची तपासणी करायला महागडं साधन लागत नाही. तुमचा एक बरोबर चालणारा प्रोग्रॅम घ्या आणि त्यातलं एकेक टोकन गाळून नवी फाइल करा. साधी ओळ घेऊ: x = (a + b) * 2; यात दहा टोकन आहेत, म्हणजे दहा चुकीचे प्रोग्रॅम फुकट मिळाले. पण ते खरंच दहाही चुकीचे आहेत का? a गाळा. कंसात + b उरतं, आणि सी मध्ये ते चालतं, कारण एकटं अधिक चिन्ह वैध आहे. कम्पायलर काहीच बोलणार नाही आणि त्यात त्याची चूकही नाही. बरोबरचं चिन्ह गाळलं तर x (a + b) * 2 उरतं. व्याकरणाच्या दृष्टीने हा फंक्शन कॉल झाला! पार्सर पास करतो. पुढे टाइप तपासताना ‘x हे फंक्शन नाही’ असं कळायला हवं. तुमच्या कम्पायलरमध्ये त्या टप्प्यावर तपासणीच नसेल तर तो साध्या व्हेरिएबलचे पॅरामीटर शोधायला जाईल, आणि सेगमेंटेशन फॉल्ट बहुधा तिथेच दबा धरून बसलेला असतो. राहिलेल्या आठ ठिकाणी सरळ सिंटॅक्स एरर यायला हवी. उघडणारा कंस गाळला तर पार्सर बंद होणाऱ्या कंसावर अडतो, तिथे ‘अनपेक्षित )’ म्हणण्यापेक्षा ‘या ) ला जोडीचा ( सापडला नाही’ म्हटलं तर वाचणाऱ्याला लगेच उमगतं.

चाळीस ओळींच्या प्रोग्रॅममधून अशा शेकडो फाइली सहज निघतात. त्या हाताने करायच्या नाहीत, छोटी स्क्रिप्ट लिहायची. गाळून झालं की प्रत्येक टोकन दोनदा लिहा, मग शेजारच्या दोघांची अदलाबदल करा. प्रत्येक फाइल लिनक्सच्या ‘टाइमआउट’ कमांडखाली पाच सेकंदांची मर्यादा घालून चालवा आणि एक्झिट कोड वहीत नव्हे, फाइलमध्ये नोंदवा. १२४ आला तर कम्पायलर अडकला होता. १३९ म्हणजे सेगमेंटेशन फॉल्ट. १३४ आला तर एखादा असर्ट फुटला. ० आला तर कम्पायलरने प्रोग्रॅम स्वीकारला, आणि ही यादी मात्र डोळ्यांनी तपासायची: वरच्या + b सारखं ते कायदेशीर आहे, की तुमचा कम्पायलर झोपला होता? एरर आली तर एक्झिट कोड शून्येतर असलाच पाहिजे, हेही इथेच पक्कं करून घ्या. बरेच विद्यार्थी पडद्यावर ‘एरर’ छापतात आणि तरी ० परत करतात. मग मेकफाइल बिनधास्त पुढे जाते. लॅबमध्ये याचाच दुसरा अवतार दिसतो. कम्पाइल फसलेलं असतं, पण फोल्डरमधली कालची तयार फाइल तशीच पडलेली असते, मूल तीच चालवतं आणि ‘बदल केला तरी उत्तर तेच येतंय’ म्हणून अर्धा तास डोकं धरून बसतं. तुमच्या कम्पायलरने एरर आल्यावर अर्धवट लिहिलेली फाइल मागे ठेवू नये, याची वेगळी टेस्ट हवी.

निव्वळ कचराही देऊन बघा: रिकामी फाइल, फोटोची फाइल, शेवटी एंटर नसलेली फाइल. १९९० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात विस्कॉन्सिनच्या बार्टन मिलर यांनी युनिक्सच्या नेहमीच्या कमांडना अक्षरांचा असाच अर्थहीन मारा करून पाहिला तेव्हा त्यातल्या पाव ते एक-तृतीयांश कोसळल्या. कल्पना सुचली ती वादळी रात्री फोनलाइनवरच्या खरखरीमुळे. पावसात ज्यांचं नेट जातं त्या वसईकरांना हे वेगळं सांगायला नको. मग कंसांची खोली. सी९९ मानक म्हणतं की एकात एक ६३ कंस तरी कम्पायलरला झेपलेच पाहिजेत. तुम्ही दहा हजार द्या. रिकर्सिव्ह पार्सर असेल तर स्टॅक संपून तो मरू शकतो. इलाज साधा आहे: खोली मोजा आणि मर्यादेपुढे ‘कंस फार खोल गेले’ असं सांगून थांबा. क्लँग हा कम्पायलर २५६ वर थांबतो. त्यात कमीपणा काही नाही.

एकदा कोसळणं थांबलं की खरं काम सुरू होतं, ते निरोपाचं. याकवाल्यांचा ‘वायवायएरर’ बहुधा ‘सिंटॅक्स एरर’ एवढं छापून मोकळा होतो. निदान ओळ क्रमांक छापा. फ्लेक्समध्ये, म्हणजे लेक्सच्या नव्या अवतारात, त्यासाठी एका ओळीचा पर्याय लिहावा लागतो. याकचा नवा अवतार असलेल्या बायसनला सविस्तर निरोपाचा पर्याय दिला तर काय अपेक्षित होतं तेही तो सांगतो, पण तुम्ही टोकनला ठेवलेली नावं जशीच्या तशी बाहेर पडतात. पीएचपीमध्ये दोन कोलनच्या (::) टोकनचं अंतर्गत हिब्रू नाव वर्षानुवर्षं एररमध्ये छापलं जायचं आणि जगभरचे प्रोग्रॅमर चक्रावून जायचे. पीएचपी ८ मध्ये ते चिन्हच दाखवायला लागले. तुमच्या व्याकरणात प्रत्येक टोकनला माणसाने वाचायचं नाव द्या.

एररनंतर सावरण्यासाठी याकमध्ये ‘एरर’ नावाचं खास टोकन आहे. ‘एरर आणि पुढे अर्धविराम’ असा नियम लिहिलात की पार्सर पुढच्या अर्धविरामापर्यंत सगळं टाकून देतो आणि नव्याने सुरुवात करतो. बायसन एका एररनंतर तीन टोकन नीट वाचली जाईपर्यंत नवी एरर सांगतच नाही, त्यामुळे पूर बराचसा ओसरतो. जाहीर न केलेल्या व्हेरिएबलचं तसं नाही, ते तुम्हालाच बघावं लागतं: पहिल्यांदा सापडलं की तक्रार करा आणि सिम्बॉल टेबलमध्ये ‘बिघडलेलं’ अशी खूण करून ठेवून द्या. पुढे तेच नाव पन्नास वेळा आलं तरी बोलू नका. याची टेस्ट म्हणजे एका चुकीची फाइल आणि ‘नेमकी एक एरर’ ही अपेक्षा.

जागेचे दोन सापळे सांगून ठेवतो. अर्धविराम राहिला की पार्सरला ते पुढच्या ओळीच्या पहिल्या शब्दावर कळतं, म्हणून बोट पुढच्या ओळीवर जातं. जीसीसीनेही कित्येक वर्षं हेच केलं. २०१८ च्या आठव्या आवृत्तीत बोट मागच्या ओळीच्या शेवटी आलं. तुम्हाला यासाठी फक्त आधीच्या टोकनचा शेवट लक्षात ठेवायचा आहे. दुसरा सापळा न मिटलेल्या कॉमेंटचा. फाइल संपल्यावरच तो कळतो, पण ओळ सांगायची ती कॉमेंट सुरू झाली तिथली. सुरू होताना ओळ क्रमांक एका व्हेरिएबलमध्ये ठेवा, काम झालं.

आता मराठीत टाइप करणाऱ्यांसाठी. ही टेस्ट परदेशी पुस्तकांत सहसा सापडणार नाही, आणि आपल्याकडे तर ती पहिल्या दिवसापासून हवी. प्रोग्रॅममध्ये ‘पापडी’ ही स्ट्रिंग लिहा आणि तिच्यापुढचा कंस मुद्दाम गाळा. डोळ्याला तीन अक्षरं दिसतात. युनिकोडमध्ये ती पाच चिन्हं आहेत: प, काना, प, ड, दुसरी वेलांटी. यूटीएफ-८ मध्ये प्रत्येकाचे तीन बाइट, म्हणजे पंधरा. कम्पायलर बाइट मोजत असेल तर चूक दाखवणारा बाण चुकीच्या जागेपासून दहा-बारा घरं उजवीकडे, हवेत लटकतो. जीसीसीने २०२१ च्या अकराव्या आवृत्तीपासून रकाने पडद्यावरच्या रुंदीने मोजायला घेतले. दुसरा धोका याहून मोठा आहे. ‘प’चा पहिला बाइट २२४, पण इंटेलच्या मशीनवर सी चा साधा ‘चार’ त्याला उणे ३२ समजतो. तुमच्या लेक्सरने अक्षराचा प्रकार बघायला तो तसाच टेबलचा इंडेक्स म्हणून वापरला, की टेबलच्या बाहेरची मेमरी वाचली गेली. इंग्रजी कॉमेंट लिहिणाऱ्याकडे हा बग कधीच दिसत नाही, आणि कोणी कॉमेंटमध्ये स्वतःचं नाव मराठीत लिहिलं की कम्पायलर मरतो.

व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेल्या नोट्समधून कॉपी केलेला प्रोग्रॅमही टेस्टमध्ये हवाच. वर्डने सरळ अवतरणचिन्हं वळवलेली असतात, आणि जुना जीसीसी एकेका चिन्हासाठी तीन-तीन ‘स्ट्रे’ एरर द्यायचा: \३४२, \२००, \२३४. मुलाला वाटतं, मी हे आकडे लिहिलेच कुठे? तुमचा कम्पायलर तेवढं एक चिन्ह ओळखून ‘इथे वळवलेलं अवतरणचिन्ह आहे, सरळ वापरा’ म्हणाला तर त्याचे उपकार होतील. आपल्या कीबोर्डवरची आणखी एक खोड म्हणजे कोलनच्या जागी विसर्ग टाइप होणं. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात. रस्टचा कम्पायलर अर्धविरामासारख्या दिसणाऱ्या ग्रीक प्रश्नचिन्हासाठी ‘दिसतं तसं हे नाही’ असं स्वतंत्रपणे सांगतो. विसर्गासाठी तुम्ही तसं करायला काय हरकत आहे? देवनागरी आकड्यांचंही ठरवून टाका. पायथॉनमध्ये ‘१२’ ही स्ट्रिंग पूर्णांकात बदलायला सांगितली तर बिनतक्रार बदलते, पण प्रोग्रॅममध्ये तोच आकडा सरळ लिहिला तर अवैध चिन्ह म्हणून नाकारला जातो. स्वीकारा किंवा नाकारा. नाकारलात तर कारण सांगा.

या सगळ्या टेस्ट टिकवायच्या कशा? प्रत्येक चुकीच्या प्रोग्रॅमशेजारी अपेक्षित निरोपाची एक फाइल ठेवा आणि दर वेळी नवा निरोप तिच्याशी ताडून बघा. रस्टच्या कम्पायलरकडे अशा हजारो जोड्या आहेत. निरोपात एक शब्द बदलला तरी टेस्ट लाल होते, आणि तो बदल कोणीतरी वाचून मान्य करावा लागतो. सुरुवातीला कटकट वाटते. पण त्यामुळेच निरोप कोणाच्या नजरेत न येता बिघडत नाहीत. प्रत्येक एररला क्रमांक द्या. पुढे मराठीत निरोप करावेसे वाटले तर शोधणाऱ्याला क्रमांकाने मदत सापडेल. सोबत बरोबर प्रोग्रॅमचाही संच ठेवा आणि त्यांच्यावर एकही वॉर्निंग येत नाही हे तपासा, कारण उगाच ओरडणाऱ्या कम्पायलरकडे चार दिवसांत कोणी लक्ष देत नाही. सापडलेला प्रत्येक क्रॅश, दुरुस्त झाल्यावरसुद्धा, या फोल्डरमध्ये कायमचा राहू द्या.

आणि सबमिशनआधी एक संध्याकाळ कम्पायलर दुसऱ्याच्या हातात द्या. आपल्या बॅचमधला मित्र नको. त्याला व्याकरण माहीत असतं, तो नकळत सांभाळून लिहितो. सायन्सचं अकरावी-बारावीचं पोरगं बघा, किंवा कॉमर्सला असलेली धाकटी बहीण. भाषेचा एक कागद द्या, तीन छोटे प्रश्न द्या आणि शेजारी बसा. मदत करू नका, “अगं, तिथे नाही” असंही म्हणू नका. तिने काय टाइप केलं ते प्रत्येक वेळी जसंच्या तसं साठवून ठेवा, फाइलमधून तिचं नाव काढा, आणि निरोप वाचल्यावर तिचा हात आधी कुठल्या ओळीवर गेला ते लिहून घ्या. चुकीच्या ओळीवर गेला असेल तर बदलायचा तो निरोप.